त्या पत्त्यावर कुणीच नव्हतं

बाई आमच्या कंपनीत आल्या तेव्हा त्यांचं वय चव्वेचाळीस होतं आणि त्यांनी जन्मात एकही प्रोग्राम लिहिलेला नव्हता. त्याआधी एकोणीस वर्षं त्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत होत्या. कथा-कादंबऱ्या नव्हेत, तर टेलिफोनच्या डिरेक्टऱ्या, गाड्यांची वेळापत्रकं, गणिताची कोष्टकं. पानंच्या पानं नुसते आकडे. छापखाना बंद पडला आणि आमच्या साहेबांनी त्यांना यंत्रांबरोबर जाणारी माहितीपुस्तकं तपासायला घेतलं. अशी पुस्तकं वर्षाला तीन निघायची. उरलेल्या वेळात करायचं काय, म्हणून त्या आमचे प्रोग्राम कागदावर छापून घेऊन वाचायला लागल्या. "हेही छापीलच आहे की," म्हणाल्या.

वाचताना ओळीखाली लाकडी फूटपट्टी धरायच्या, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना पट्टीबाई म्हणायचे. त्यांच्या कानावर ते गेलं होतं. एकदा फोन उचलून त्या सरळ "पट्टीबाई बोलतेय" म्हणाल्या आणि आमची सगळ्यांची बोलती बंद झाली. वाचायच्याही उलट, शेवटच्या ओळीकडून वर. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसूच आलं.

"बाई, अशानं अर्थ कसा लागणार?"

"लागू नये म्हणूनच. अर्थ लागला की डोळा मनातलं वाचायला लागतो. कागदावरचं राहतं बाजूला."

दोन-तीन वर्षांत त्यांनी आमची भाषा आत्मसात केली. लिहायच्या थोडंच, पण वाचावं तर त्यांनीच. मी त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान आणि त्या धंद्यात अकरा वर्षं मुरलेला, निदान माझी तशी समजूत होती. हे सांगतोय ते माझ्याच हातून झालेल्या चुकीबद्दल. ती त्यांनी कशी शोधली हे आठवलं की आजही माझ्या अंगावर काटा येतो.

आम्ही एका इस्पितळासाठी संगणकाचा एक पडदा बनवला होता. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांचा कक्ष. बारा काचपेट्या, प्रत्येकीत वीतभर जीव. बाळाच्या छातीला एक बारीक तार चिकटवलेली आणि सगळ्या तारा भिंतीवरच्या एका डब्यात गेलेल्या. हा डबा बाहेरच्या कंपनीचा. तो श्वास मोजायचा आणि आमच्या संगणकाला कळवायचा. सिस्टरांच्या टेबलावरच्या पडद्यावर बारा हिरव्या रेषा लाटांसारख्या वरखाली व्हायच्या. रेष सपाट झाली की पडदा ओरडायचा.

डब्याने कळवायचं कसं, तर आम्ही त्याला सुरुवातीलाच सांगून ठेवायचं, की श्वासाचा नवा आकडा आला की आमच्या या पत्त्यावर हाक मार. धंद्यात याला कॉलबॅक म्हणतात. आम्ही डब्याला असे दोन पत्ते दिले होते. एक श्वासाचा, त्यावर सेकंदाला शंभर हाका यायच्या. दुसरा विजेचा. वीज गेली की डबा स्वतःच्या बॅटरीवर जाई आणि तेवढं एकदा कळवी.

पडदा बसवला आणि पंधरा दिवसांत इस्पितळातून फोन. वीज गेली की पडदा जातो. संगणक चालूच राहतो, त्याला त्याची वेगळी बॅटरी आहे, पण आमचा प्रोग्राम मात्र बघता बघता गायब. पुन्हा सुरू करायला तीन मिनिटं. प्रत्येक पेटीवर श्वास थांबला की वाजणारी लहानशी शिट्टी होती, त्यामुळे बाळांना धोका झाला नाही. पण कक्षाच्या मोठ्या सिस्टर मला म्हणाल्या, "तुमची ती तीन मिनिटं आम्ही कशी काढतो माहितीये? प्रत्येकीच्या वाट्याला चार पेट्या. दोन हात आत, दोन बाळांच्या छातीवर दोन बोटं, आणि बाकीच्या दोन पेट्यांकडे डोळे. तीन मिनिटं म्हणजे काय असतं ते तुम्हाला नाही कळायचं."

मी खाली मान घालून ऐकलं. पण मनात पक्कं होतं की दोष विजेचा. वीज जाताना झटका बसतो, झटक्याने प्रोग्राम मरतो. इस्पितळाच्या वायरमनने तीन वेळा बॅटरी बदलली, जमिनीत नवी तार पुरली. बिचारा सगळ्यांची बोलणी खात होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि फाशी देणाऱ्यांत मी पुढे होतो. कारण आमच्या ऑफिसात मी स्वतः तपासलं होतं. प्रोग्राम सुरू करायचा, डब्याचा प्लग उपटायचा, "डबा बॅटरीवर" अशी पाटी पडद्यावर यायची. वीस वेळा केलं, वीसही वेळा आली.

तीन महिने झाले. शेवटी साहेबांनी त्या प्रोग्रामच्या छापील कागदांचा गठ्ठा बाईंच्या टेबलावर ठेवला. बाईंनी प्रोग्राम वाचायला घेतलाच नाही. त्या इस्पितळात गेल्या आणि मोठ्या सिस्टरांकडून कक्षाची नोंदवही मागून आणली. त्यात सिस्टरांनी वळणदार अक्षरात सगळं लिहून ठेवलं होतं: वीज किती वाजता गेली, पडदा किती वाजता गेला, पुन्हा कधी सुरू केला. बाई दोन दिवस ती वही वाचत होत्या. शेवटच्या पानाकडून, अर्थात.

तिसऱ्या दिवशी मला बोलावलं. "बस. तेवीस वेळा वीज गेलीय. एकोणीस वेळा पडदा गेलाय."

"हो. म्हणजे वीजच."

"चार वेळा नाही गेला. का?"

"नशीब, बाई."

"पडला का, ते तुम्ही सगळेच सांगताय. चार वेळा का नाही पडला, ते सांग ना."

त्यांनी पट्टी वहीवर ठेवली. त्या चारही वेळी वीज पाठोपाठ दोनदा गेली होती. पहिल्यांदा गेली, पडदा पडला, सिस्टरांनी सुरू केला, आणि दोन-तीन मिनिटांच्या आत वीज परत गेली. त्या दुसऱ्या खेपेला पडदा शाबूत.

"झटक्याला काय कळतं, प्रोग्राम कधी सुरू केलाय ते?" बाई म्हणाल्या. "नवा असला की वाचतो, जुना झाला की मरतो. तू ऑफिसात प्लग कधी उपटतोस?"

"सुरू केला की लगेच," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच माझं मला कळलं.

त्या दिवशी आम्ही सकाळी दहाला प्रोग्राम सुरू केला आणि दोनपर्यंत हातही लावला नाही. दोन वाजता बाईंनी स्वतः प्लग उपटला. पडद्यावरच्या बारा रेषा गेल्या, चौकट गेली, नुसतं निळं उरलं. तीन महिने जे आम्ही विजेच्या माथी मारत होतो ते आमच्या टेबलावर, आमच्या डोळ्यांदेखत घडलं होतं.

प्रोग्राम मेला की त्या क्षणाची सगळी मेमरी फायलीत उतरवून ठेवता येते. बाईंनी तिच्यातली हवी तेवढी पानं छापून घेतली. एकशे चाळीस पानं, वरपासून खालपर्यंत आकडे आणि अक्षरं. मी त्या पानांकडे बघितलं की मला गरगरायचं. बाईंनी मात्र चष्मा पुसला, पट्टी ठेवली आणि डिरेक्टरी उघडावी तशी सुरुवात केली. पाच दिवस लागले. मधे मी दोनदा जाऊन विचारलं, त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "घरी येतोस का? सापडलंय बहुतेक."

बाई त्यांच्या थोरल्या बहिणीबरोबर राहायच्या. दोन खोल्या, आणि इतक्या लख्ख की चप्पल काढताना आपलीच लाज वाटावी. थोरलीला बाई अक्का म्हणायच्या. अक्कांना कमी ऐकू यायचं, पण दिसायचं मात्र घारीसारखं. अक्कांनी मला चहा दिला, मी दोन घोट घेऊन कप टेबलावर ठेवला आणि बाईंच्या कागदांकडे वळलो. परत हात पुढे केला तर कप नाही. स्वयंपाकघरातून विसळल्याचा आवाज.

"धरून ठेवायचा," बाई हसून म्हणाल्या. "हात सुटला की अक्काच्या लेखी संपला. तिचं काही चुकत नाही, तिला दिसतं तेवढ्यावर ती ठरवते. बरं, हे बघ."

त्यांनी दोन पानं शेजारी शेजारी ठेवली. एक डब्याच्या बाजूचं, म्हणजे आमच्या प्रोग्रामात बसून डब्यासाठी बोलणाऱ्या त्याच्या तुकड्याचं. तिथे त्याने आमच्या विजेच्या हाकेचा पत्ता टिपून ठेवला होता, सोळा अक्षरं, बाईंनी खाली पेन्सिलीने रेघ मारलेली. दुसरं पान आमच्या बाजूचं. तोच पत्ता, तीच सोळा अक्षरं. आणि तिथे काय होतं? काहीच नाही. मोकळी जागा.

"त्या पत्त्यावर कुणीच नाही," बाई म्हणाल्या. "पूर्वी होतं. डबा अजून तिथेच हाक मारतोय."

मला क्षणात कळलं. आम्ही ज्या भाषेत लिहितो तिच्यात मेमरी आपण आवरायची नसते. भाषेचा स्वतःचा सफाईवाला असतो. तो अधूनमधून येतो, प्रोग्राममध्ये कुणीही धरून न ठेवलेली प्रत्येक वस्तू उचलून फेकतो, उरलेल्या सरकवून नीट रचतो आणि जातो. डबा मात्र दुसऱ्या, जुन्या भाषेत बोलतो. तिथे सफाईवाला नाही. ज्याने ठेवलं त्यानेच उचलायचं. आणि मुख्य म्हणजे आमच्या सफाईवाल्याला पलीकडचे हात दिसत नाहीत. डब्याने आमचा पत्ता घट्ट धरलेला होता, पण याला ते कसं कळावं?

श्वासाची हाक ऐकणारी वस्तू मी प्रोग्रामात जपून ठेवली होती, डब्याबरोबर आलेल्या नमुन्यात तसं होतं म्हणून. विजेची मात्र जागच्या जागी बनवून डब्याच्या हाती दिली आणि मोकळा झालो. एक ओळ वाचवली होती. सुरू केल्यावर साधारण चार मिनिटांनी पहिली सफाई व्हायची, तोवर सगळं ठीक. त्यानंतर कधीही वीज गेली की डबा हाक मारायचा त्या रिकाम्या जागेला.

"म्हणजे माझीच चूक," मी म्हणालो.

"ओळीची चूक," बाई म्हणाल्या. "छापखान्यात एकोणीस वर्षांत मी कधी अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याचं नाव विचारलं नाही. चहा घे, आणि यावेळी धरून ठेव."

सोमवारी मी चूक दुरुस्त केली. एक ओळ वाढवली, विजेच्या हाकेलाही धरून ठेवलं. दिवसभर प्रोग्राम चालवला, प्लग उपटला, पाटी आली. मी पेढे वाटायच्या बेतात होतो. बाई म्हणाल्या, "थांब. तो सफाईवाला एकूण किती वेळा येतो रे?"

मला माहीत नव्हतं. अकरा वर्षं त्याच्या जिवावर प्रोग्राम लिहीत होतो, पण हा प्रश्न मनात आला नव्हता. मोजायची सोय केली. दहा ते दोन, चार तासांत एकसष्ट वेळा. आणि त्यात नऊ कोटींहून जास्त वस्तू उचलल्या गेल्या. प्रत्येक खेपेला डोळ्याची पापणी लवायच्या आत. एकदाही पडदा अडखळला नाही, एकही हिरवी रेष थरथरली नाही. तो आकडा बघून मी खुर्चीत मागे टेकलो. रोज ज्या घरात राहतो त्याच्या तळघरात एक अख्खं शहर जागं आहे असं कुणी दाखवावं, तसं झालं. बाईसुद्धा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होत्या. "आणि इतक्या वेळात त्याने एकही धरलेली वस्तू उचलली नाही," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या हातून पानामागे एक चूक सुटायचीच."

मग म्हणाल्या, "याला मुद्दाम बोलाव. दर हाकेनंतर सफाई कर म्हणावं. बघू काय काय पडतं ते."

तसं केलं, आणि दुसऱ्याच दिवशी प्रोग्राम परत पडला. यावेळी बंद करताना. बंद करताना मी आधी आमच्या वस्तू सोडून देत होतो आणि मग डब्याला "आता हाका मारू नकोस" असं सांगत होतो. त्या दोहोंमधल्या केसभर फटीत डब्याने एक हाक मारली होती.

"आधी त्याला सांग," बाई म्हणाल्या. "तो 'थांबलो' म्हणेपर्यंत वाट बघ. अर्धी हाक चालू असेल तर ती पुरी होऊ दे. मगच सोड."

मग त्यांनी हाक घेणाऱ्या प्रोग्रामची दोन पानं शेवटून वर तीनदा वाचली आणि आणखी चुका काढत गेल्या. डबा श्वासांचे आकडे ज्या जागेत ठेवून हाक मारतो, ती जागा हाक संपली की त्याची त्याला परत हवी असते. मी तिचा पत्ताच जपून ठेवला होता. त्याऐवजी आकडे तिथल्या तिथे उतरवून घ्यायचे. हाकेत आमच्याकडे काही बिनसलं तर ते भांडण आमच्याच घरात मिटवायचं, पलीकडे फेकायचं नाही, कारण पलीकडच्याला ते झेलता येत नाही. आणि डबा त्याच्या स्वतःच्या धाग्यावरून, म्हणजे आमच्या कामाला समांतर चालणाऱ्या वेगळ्या कामातून, हाक मारतो, तेव्हा तिथेच पडदा रंगवत बसायचं नाही. चिठ्ठी टोपलीत टाकायची, लगेच परतायचं, रंगवणारा सवडीने रंगवील. हे सगळं ज्ञान पुस्तकांत होतं, मी ते कधीतरी वाचलंही होतं. पण मला अर्थ लागला होता ना, म्हणून डोळा पुढे निघून गेला होता.

नऊ दिवस आम्ही तो प्रोग्राम छळला. चारशे बारा वेळा प्लग उपटला, तितक्याच वेळा लावला. सफाई सारखी चालूच. शेवटी शेवटी ऑफिसातले लोक येता-जाता एक प्लग उपटून जायचे. त्यानंतर तो एकदाही पडला नाही. त्याच आठवड्यात बाईंनी डबा बनवणाऱ्यांना एक पानी पत्र लिहिलं, की तुमच्या माहितीपुस्तकात एक वाक्य कमी आहे. आठ महिन्यांनी नवी आवृत्ती आली. त्यात ते वाक्य होतं: आम्हाला दिलेली हाक, आम्ही सोडली असं सांगेपर्यंत तुम्ही धरून ठेवा. खाली कुणाचं नाव नव्हतं. माहितीपुस्तकात ते नसतंच.

नवा प्रोग्राम घेऊन इस्पितळात गेलो तेव्हा बाई बरोबर आल्या. हात धुऊन, अंगावर झगे चढवून आत गेलो. बाईंनी तो कक्ष पहिल्यांदाच आतून पाहिला. आधीच्या खेपेला दारातूनच वही घेऊन गेल्या होत्या. मी संगणकापाशी बसलो, त्या कोपऱ्यातल्या पेटीपाशी थांबल्या. आत नऊशे ग्रॅमचं बाळ होतं, माझ्या तळहातात मावलं असतं. त्वचा इतकी पातळ की आतलं सगळं काम चाललेलं दिसत होतं. छाती एखाद्या पाखरासारखी उडत होती.

वायरमनने मुद्दाम वीज घालवायचं ठरलं होतं, दुपारी तीनला. पण पावणेतीनलाच ती आपण होऊन गेली. प्रोग्राम सुरू होऊन दीड तास झाला होता. म्हणजे सफाई वीसेक वेळा होऊन गेलेली. दिवे गेले, पंखा मंदावत थांबला. मी पडद्याकडे बघितलं.

बारा रेषा चालू होत्या. कोपऱ्यात लहानशी पाटी आली, "डबा बॅटरीवर". झालं. एवढंच झालं.

मोठ्या सिस्टर बाटलीतले थेंब मोजत होत्या. त्यांनी मान वर केली, पडद्याकडे एक नजर टाकली आणि परत थेंब मोजायला लागल्या. कुणी पेटीत हात घातला नाही. मोजणी झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं. त्या जागच्या जागी थांबल्या, दिव्यांकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या सिस्टरला म्हणाल्या, "अगं, वीज गेलीये."

बाई अजून त्या बाळाकडेच बघत होत्या. पडद्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नव्हतं.

बाहेर आल्यावर जिन्यात मी पायरीवर बसलो. बाई शेजारी बसल्या, गुडघे धरून, सावकाश.

"बाई," मी म्हणालो, "मला वाटायचं, मी लिहितो म्हणून ते चालतं. आत केवढं काय काय चाललेलं असतं आणि आपल्याला त्याची गंधवार्ता नसते. आता एक ओळ लिहायची म्हटलं तरी भीती वाटेल."

"वाटू दे," त्या म्हणाल्या. "मला पहिल्या डिरेक्टरीपासून वाटते. एक आकडा चुकला तर कुणाच्या तरी घरी भलताच फोन वाजणार, आणि ज्याच्याकडे वाजायला हवा त्याच्याकडे नाही." मग म्हणाल्या, "ते लेकरू मिनिटाला छप्पन्न श्वास घेतं. मी मोजले. त्याला कुणी शिकवलं असेल रे?"

खालच्या मजल्यावर वायरमन कुणाला तरी ओरडून सांगत होता की वीज त्याने घालवलेली नाही, ती आपली आपण गेलीये, यावेळी तरी त्याला काही बोलू नका. बाई खळखळून हसल्या आणि कठड्याला धरून उठल्या. "चल," म्हणाल्या, "आधी त्याची माफी मागू."

आणि आम्ही दोघं अंधाऱ्या जिन्याने खाली उतरलो.